गाडीवाला तुमचा कोण लागतो?

विमान उतरलं तेव्हा सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झाली होती आणि इस्पितळातली वेळ साडेअकराची होती. मधे तीन तास वीस मिनिटं. एवढ्या वेळात माणूस चालतसुद्धा शहरात पोहोचेल, असं काटेसाहेब बायकोला म्हणाले. बायको हसली, पण बोलली नाही. बोलायचं म्हणजे तिला खोल विहिरीतून बादली ओढल्यासारखं व्हायचं, म्हणून हल्ली ती शब्द जपूनच वापरायची.

काटेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. नोकरीची एकतीस वर्षं त्यांनी वजनमापे खात्यात काढली. दुकानातले तराजू तपासायचे, वजनं पारखायची, खोट सापडली की पंचनामा करायचा, दुकानदाराची सही घ्यायची आणि काटा जप्त करायचा. बाजाराने त्यांना पाठीमागे हे नाव ठेवलं आणि हळूहळू ते तोंडावरही आलं. त्यांनी कुणाचा चहा घेतला नाही, कुणाला सूट दिली नाही. बायकोच्या सख्ख्या भावाच्या दुकानातला काटा हलका निघाला तेव्हा त्याचाही पंचनामा झाला. त्यानंतर मेहुण्याने या घराची पायरी चढली नाही आणि बायकोचं माहेर जवळजवळ तुटलं. ती त्यावर कधी भांडली नाही. रागात असली की फक्त म्हणायची, "काटेसाहेब, जेवायला या."

तीन महिन्यांपूर्वी तिचा आवाज बसला. ती बालवाडीत शिकवायची. चाळीस पोरांच्या गोंगाटावरून आवाज काढायचा तर घसा बसणारच, म्हणून आधी कुणी मनावर घेतलं नाही. गुळण्या झाल्या, काढे झाले, शेजारणींचे सल्ले झाले. मग गावातल्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि एरवी भारी बडबड्या तो माणूस एकदम गप्प झाला. त्यांनी शहरातल्या मोठ्या इस्पितळाच्या नावे चिठ्ठी दिली. तिथले घशाचे तज्ज्ञ नवे रुग्ण फक्त बुधवारी बघत. हा बुधवार चुकला तर पुढची तारीख पाच आठवड्यांनी. दोन रात्रींचा रेल्वेप्रवास आईला झेपायचा नाही म्हणून मुलीने विमानाची तिकिटं काढून दिली आणि फोनवर दहा वेळा बजावलं, "बाबा, विमानतळाच्या खालूनच शहरात जाणारी रेल्वे सुटते. स्वस्त आहे. पाऊण तासात इस्पितळाच्या दारात. टॅक्सीच्या नादी लागू नका, लुटतात."

रेल्वेकडे उतरणाऱ्या जिन्याच्या तोंडाशी दोरी बांधलेली होती. दोरीला पाटी. रुळांच्या कामासाठी तीन दिवस गाड्या बंद. काटेसाहेबांनी पाटी एकदा वाचली, तारीख तपासली, पुन्हा वाचली. शेजारी उभ्या पहारेकऱ्याला विचारलं, "आज बुधवारच ना?"

"बुधवारच," पहारेकरी म्हणाला. "बस बाहेर लागते, डावीकडे."

बसच्या रांगेचं शेवटचं माणूस शोधायलाच त्यांना पाच मिनिटं लागली. रेल्वे बंद, म्हणून सगळा लोंढा तिथेच. बस पाऊण तासाने एक. रांगेतल्या एका बाईने सांगितलं, आपला नंबर तिसऱ्या बसला लागला तर नशीब. म्हणजे निघता निघताच साडेदहा वाजणार, आणि शहर तर इथून तासाच्या वर. काटेसाहेबांनी बायकोला बॅगेवर बसवलं आणि ते टॅक्सीच्या खिडकीवर गेले.

खिडकीत कानाला यंत्र लावलेली एक मुलगी होती. तिने काचेवर चिकटवलेल्या दरपत्रकाकडे बोट केलं. काटेसाहेब वाचू लागले. मूळ भाडं, विमानतळाचा आकार, गर्दीच्या वेळेचा आकार, सामानाचा आकार. सगळं मिळून लेकीने फोनवर सांगितलेल्या आकड्याच्या तिप्पट होत होतं.

"हे सामानाचे जादा कशाबद्दल?"

"वजनाबद्दल."

"वजन केलंत कधी?"

मुलीने मान वर केली. "अंदाजे असतं ते, काका."

अंदाजे हा शब्द काटेसाहेबांसमोर कुणी उच्चारत नसे. एकतीस वर्षांत ज्यांनी उच्चारला त्यांचे काटे खात्याच्या गोदामात गेले होते. ते खिडकीवर दोन्ही हात टेकून मुलीला समजावू लागले की न केलेल्या वजनाचे पैसे घेता येत नाहीत, तसा नियमच आहे. मागची माणसं चुळबुळ करू लागली. तेवढ्यात त्यांच्या बाहीला कुणीतरी ओढलं. बायको उठून आली होती.

"अहो, चला," ती म्हणाली. आवाज कागद फाटल्यासारखा आला.

खिशात पैसे नव्हते असं नाही. पण ते तपासण्यांसाठी ठेवलेले होते. किती तपासण्या निघतील याचा पत्ता नव्हता, आणि आज टॅक्सीला जे जाईल ते उद्या इस्पितळाच्या कुठल्या खिडकीवर कमी पडेल या धास्तीने त्यांचा हात खिशाकडे वळत नव्हता. दोघं वाहनतळाच्या कडेला जाऊन उभी राहिली. साडेआठ होऊन गेले होते.

तिथे तो भेटला. पस्तिशीचा असेल, अंगात धुवून धुवून रंग गेलेला निळा शर्ट. हातात गाडीची किल्ली होती, पण ती तो मुठीत लपवून धरल्यासारखी धरत होता.

"शहरात जायचंय का?" त्याने हळूच विचारलं आणि जे भाडं सांगितलं ते टॅक्सीच्या निम्म्याहून कमी होतं.

काटेसाहेबांचे कान लगेच टवकारले. "परमिट आहे?"

"नाही," तो म्हणाला. "स्वतःची गाडी आहे. परमिट नाही. तुम्हाला खोटं कशाला सांगू? पटलं तर बसा, नाहीतर राहिलं."

काटेसाहेब बायकोकडे वळले. ती गाडीवाल्याकडे नाही, रांगेकडे नाही, नुसती समोरच्या घड्याळाकडे बघत होती. तिचा एक हात गळ्याशी होता.

"बसू," काटेसाहेब म्हणाले.

गाडी जुनी पण स्वच्छ होती. मागच्या सीटवर लहान मुलाला बसवायची खुर्ची पट्ट्यांनी बांधलेली होती. गाडीवाल्याने ती एका बाजूला सरकवली, सीटवरचा बिस्किटांचा चुरा हाताने झाडला आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही इथे ऐसपैस बसा. पोरीचा पसारा आहे, सांभाळून घ्या." बायको मागे बसली. काटेसाहेब पुढे.

विमानतळाचा रस्ता मागे पडला तसा तो मोकळा झाला. विमानतळावरच सामान चढवायच्या कामाला होता. ठेकेदार बदलला, जुनी माणसं काढली. गाडी त्याआधीच घेऊन ठेवली होती, ती तरी कामाला आली. मावशींना बरं नाही का, असं त्याने आरशात बघत विचारलं. काटेसाहेबांनी मोजक्या शब्दांत सांगितलं. तो म्हणाला, "साडेअकराच्या आत पोहोचवतो. पुलाखालून गेलं की गर्दी लागत नाही."

पुलाच्या अलीकडे त्याने गाडी थोडी हळू केली. "एक सांगून ठेवतो. कधी कधी इथे तपासणी असते. कुणी विचारलंच तर मी तुमचा भाचा. विमानतळावर घ्यायला आलो होतो. एवढंच."

मागून बायको हसल्याचा आवाज आला. तिने मान हलवली. काटेसाहेब खिडकीबाहेर बघत राहिले. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

तपासणी होती. पुलाच्या सावलीत दोन मोटरसायकली आडव्या लावल्या होत्या आणि एक तरुण अधिकारी हाताने गाड्या बाजूला घेत होता. त्याने कागद मागितले. कागद पाहिले. मग वाकून आत नजर टाकली.

"ही मंडळी कोण?"

"मावशी आणि काका," गाडीवाला म्हणाला. "विमानाने आले आत्ता."

अधिकारी मागच्या खिडकीशी गेला. "मावशी, हा तुमचा कोण लागतो?"

बायकोने घसा साफ करायचा प्रयत्न केला. दोनदा नुसती हवाच आली. मग तिने एकेक अक्षर ओढून बाहेर काढलं. "भाचा. माझा."

तिचा खरा भाचा आता केवढा झाला असेल, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

त्या आवाजाने अधिकारी जरा वरमला. जाऊ द्यावं असं त्याच्या मनात आलंही असावं. पण सवयीने तो पुढच्या खिडकीशी आला आणि म्हणाला, "बरोबर ना काका? काय नाव भाच्याचं?"

काटेसाहेबांना नाव ठाऊक नव्हतं. पण ते अडले ते नावापाशी नव्हे. हातात नोंदवही घेतलेला माणूस समोर उभा राहून सरळ प्रश्न विचारतो आणि आपण त्याला वाकडं उत्तर देतो, हे त्यांच्या जिभेला जमतच नव्हतं. आयुष्यभर ते या प्रश्नाच्या त्या बाजूला उभे राहिले होते. काय बोलावं याचा विचार करायच्या आतच ते बोलून गेले होते.

"आमची विमानतळावर भेट झाली. भाडं ठरवलं आहे."

वरून पुलावर एक लांब ट्रक गेला, त्याचा आवाज संपेपर्यंत सगळे तसेच बसून राहिले.

मग सगळं रीतसर झालं. अधिकाऱ्याने छापील अर्ज काढला. परवान्याशिवाय प्रवासी वाहतूक. गाडी जमा. प्रवाशाचं नाव, फोन नंबर, साक्षीदार म्हणून सही. काटेसाहेबांनी लेखणी हातात घेतली आणि नेहमीसारखी स्वच्छ, वळणदार सही केली. सही करून झाल्यावर त्यांचं लक्ष बायकोकडे गेलं. ती रस्त्याच्या कडेला उभी होती आणि गाडीवाला तिची बॅग डिकीतून काढून तिच्यापाशी ठेवत होता.

त्याने शिवी दिली असती तर काटेसाहेबांना बरं वाटलं असतं. शिव्यांची त्यांना सवय होती. पण तो बायकोला रस्ता समजावून सांगत होता. "समोरून बस मिळेल मावशी, लाल पट्ट्याची. मंडईपाशी उतरा. तिथून इस्पितळ चालत पाच मिनिटं. दुसरी कुठली घेऊ नका, फिरून जाते." बस आली तेव्हा त्यानेच रस्त्यात शिरून हात केला आणि बॅग वर चढवून दिली.

काटेसाहेबांनी पाकीट काढलं. "इथपर्यंतचे तरी घ्या."

"पोहोचवलं नाही, तर कशाचे घेऊ?" तो म्हणाला. त्याच्या हातात मुलीची खुर्ची होती. ती कुठे ठेवावी ते त्याला सुचत नव्हतं.

बसमध्ये काटेसाहेबांच्या शेजारची जागा रिकामी झाली, पण बायको उठून आली नाही. ती पुढे दाराजवळ एकटीच बसली होती. बस प्रत्येक थांब्यावर थांबत होती. काटेसाहेब दर वेळी घड्याळ बघत होते आणि दर वेळी बघितल्याबद्दल स्वतःवरच चिडत होते.

इस्पितळात पोहोचायला बारा वाजून दहा मिनिटं झाली. खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, तुमचा नंबर पुकारून गेला, आता शेवटी बघतील, बघितलं तर. तिथे प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या सहा रांगा होत्या आणि भिंतीवर लाल आकड्यांचा फलक. दोघं शेजारी शेजारी बसली. एक वाजला, दोन वाजले. तिच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं, डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं. काटेसाहेबांनीही काही खाल्लं नाही. आकडे सरकत होते, त्यांचा येत नव्हता.

पावणेतीनला त्यांना आत बोलावलं. परिचारिकेने बायकोला आत घेण्याआधी सांगितलं, "नळी घालून बघतील. बहुतेक तुकडा काढावा लागेल. मग आठ दिवस अजिबात बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. घरच्यांशी काय बोलायचं असेल ते आत्ताच बोलून घ्या."

बायको काटेसाहेबांकडे वळली. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर त्यांनी ओळखला असता.

"बसताना ठाऊक नव्हतं का तुम्हाला?" ती म्हणाली आणि आत गेली.

आठ दिवसांसाठी तिचं शेवटचं वाक्य ते. इस्पितळाच्या मागे रुग्णांच्या नातेवाइकांसाठी खोल्या होत्या, त्यातली एक त्यांना मिळाली. दोन खाटा, एक टेबल, भिंतीत खुंट्या. तिला लिहायला त्यांनी वही आणून दिली. ती वहीत लिहायची, 'पाणी', 'खिडकी लावा', 'मुलीला सांगा काळजी करू नको'. पुलाखालच्या गोष्टीबद्दल एक अक्षर नाही. काटेसाहेबच मग मनातल्या मनात तिच्याशी वाद घालत राहायचे. आपण खोटं बोललो नाही, यात चूक काय? आणि प्रत्येक वेळी तिचं ते वाक्य समोर यायचं. परमिट नाही हे त्याने तोंडावर सांगितलं होतं. ते ऐकून, स्वस्त पडतं म्हणून, आपण पाय आत टाकला होता. आपला खरेपणा आपल्याला गाडीत बसताना आठवला नाही, पुलाखाली आठवला.

तिसऱ्या दिवशी ते वाहतूक कार्यालयात गेले. तोच तरुण अधिकारी टेबलामागे बसला होता. टोपीशिवाय तो अगदीच लहान वाटत होता.

"माझ्या जबाबात भर घालायची आहे," काटेसाहेब म्हणाले. "मी पैसे दिलेले नाहीत. त्याने घेतलेले नाहीत. व्यवहार पुरा झालाच नाही."

"भाडं ठरलं होतं, असं तुम्हीच म्हणालात. ठरलं म्हणजे झालं."

"मग हेही लिहा. परमिट नाही हे मला आधीच ठाऊक होतं. जाणूनबुजून बसलो. जो काय दंड असेल तो मलाही लावा."

अधिकाऱ्याने खुर्ची मागे सरकवली. थट्टा चालली आहे का, हे तो त्यांच्या चेहऱ्यावर शोधत होता. मग सौम्यपणे म्हणाला, "काका, प्रवाशाला काही लागत नाही यात. तुमच्यासाठी कलमच नाही."

गाड्या ठेवायचं आवार कार्यालयाच्या मागे होतं. काटेसाहेब तिकडून बाहेर पडले तेव्हा गाडीवाला कुंपणापाशी उभा होता. गाडीतलं काही सामान न्यायची परवानगी काढायला तो आला होता. दोघांनी एकमेकांना ओळखलं आणि दोघांनाही काही क्षण तोंड कुठे लपवावं ते कळेना.

"मावशींचं काय म्हणाले?" त्यानेच आधी विचारलं.

"तुकडा तपासायला दिलाय. आठवड्याने कळेल." काटेसाहेब थांबले. "तुमचं काय?"

"सुनावणी होईपर्यंत गाडी इथेच. पुढच्या महिन्यातली तारीख आहे. मेहुण्याचं टायरचं दुकान आहे, तिथे जातो सध्या."

"मी तुमचं नुकसान केलं."

तो नाही म्हणाला नाही. कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवून आतल्या गाडीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काका, रागावू नका, एक बोलू? खोटं बोलायला लागलंच नसतं तुम्हाला. तो मावशींचं ऐकून सोडायच्याच बेतात होता. तुम्ही नुसते गप्प बसला असतात, तरी चाललं असतं."

एवढं बोलून तो आवाराच्या फाटकाकडे गेला. काटेसाहेब खोलीवर परत आले आणि झालं ते सगळं त्यांनी बायकोला सांगितलं, त्याचं शेवटचं वाक्यसुद्धा. काही गाळलं नाही. बायकोने वही जवळ ओढली, लेखणी उघडली, बराच वेळ कागदावर धरली आणि काही न लिहिता मिटली.

अहवाल आला. दुखणं तेच निघालं ज्याचं नाव गावातल्या डॉक्टरांनी घेतलं नव्हतं. पण लवकर सापडलं होतं. साडेसहा आठवडे रोज किरणांचे उपचार, मग बघू, असं तज्ज्ञ म्हणाले. जीव वाचेल. आवाजाचं आत्ताच सांगता येणार नाही. हा बुधवार चुकला असता आणि पाच आठवडे गेले असते तर, असं काटेसाहेबांनी विचारलं. तज्ज्ञांनी हात पुसत नुसती मान हलवली. ती रात्र काटेसाहेबांनी बसून काढली. शेजारच्या खाटेवर बायको भिंतीकडे तोंड करून निजली होती, पण तीही जागीच होती.

काटेसाहेबांनी कार्यालयात लिहून दिलेल्या खोलीच्या पत्त्यावर चौथ्या आठवड्यात पत्र आलं. गुरुवारी सकाळी अकरा वाजता सुनावणी, साक्षीदाराने हजर राहावं. नोकरीत असताना काटेसाहेबांना सगळ्यात चीड कशाची असेल तर ऐन वेळी न येणाऱ्या साक्षीदाराची. असल्या माणसांमुळे त्यांची कितीतरी प्रकरणं पाण्यात गेली होती. पत्र त्यांनी टेबलावर, वहीखाली ठेवलं. ते तिथे आहे हे बायकोला ठाऊक होतं. तिने ते वाचलंही होतं, कारण घडी वेगळी पडली होती.

गुरुवारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. बायकोला घेऊन इस्पितळात गेले. तिचा नंबर साडेदहाचा होता. ती आत गेली की ते निघणार, असं दोघांनीही न बोलता धरलं होतं. ती आत गेली. काटेसाहेब दारापर्यंत गेले. बाहेर ऊन होतं, समोर बस उभी होती, कार्यालयाकडे जाणारी. ती भरली आणि गेली. दुसरी आली, तीही गेली. मग ते परत फिरले आणि आपल्या खुर्चीवर येऊन बसले. अकरा वाजले. साडेअकरा झाले.

बायको गळ्याभोवती ओढणी गुंडाळत बाहेर आली. त्यांना तिथे बघून ती जागच्या जागी थांबली. आठ दिवसांचं मौन कधीच संपलं होतं, पण घसा आतून भाजल्यासारखा झाल्यामुळे ती अजूनही फारसं बोलत नसे.

"गेला नाहीत?"

"नाही."

आपण बरोबर केलं असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. चोरी करून आल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्याचा फोन आला. "काका, काल आला नाहीत."

"नाही आलो."

"मावशींचे उपचार चालू आहेत ना? तसं लिहितो. कारण द्यावं लागतं."

सोपं होतं. उपचार चालूच होते. काटेसाहेबांनी क्षणभर डोळे मिटले.

"उपचार साडेदहालाच सुरू झाले होते. मला येता आलं असतं," ते म्हणाले. "यायचं नव्हतं म्हणून आलो नाही."

पलीकडे अधिकाऱ्याने खाकरल्यासारखं केलं. "असं लिहायला रकाना नाही इथे. नुसतं गैरहजर लिहितो. साक्षीदार नाही, तर किरकोळ दंड होईल, गाडी सुटेल. दोन-चार दिवसांत." आणि फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं, "मावशींना आराम पडतोय ना?"

"पडतोय."

बायको खाटेवर बसून ऐकत होती. त्या दुपारी जेवणाचे डबे आले तेव्हा तिने दोन्ही ताटं एकाच खाटेवर मांडली आणि त्यांना बसायला जागा करून दिली. इतके दिवस ती खिडकीशी, पाठ करून जेवायची. तिला गिळायला त्रास व्हायचा, म्हणून एकेक घास घ्यायला वेळ लागत होता. काटेसाहेबांचं जेवण आधीच उरकलं होतं. तरी ते तिचं होईपर्यंत तसेच खरकट्या हाताने बसून राहिले.

गाडी सुटली की नाही, हे त्यांना नक्की कळलं नाही. गाडीवाल्याचा फोन आला नाही, आणि त्याने का करावा? कार्यालयात जाऊन विचारायचं काटेसाहेबांनी तीनदा ठरवलं. तिन्ही वेळा ते मंडईपर्यंत गेले आणि बायकोसाठी मऊ भात आणि ताक घेऊन परत आले.